फिरत्या घराचे मागचे चाक

'सुख' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. परंतु तो मुळात गाडीवानाचा शब्द असावा, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे पोकळी, छिद्र. चाकाच्या तुंब्यातून आस ज्या भोकात शिरतो, ते भोक. ते नीट कोरलेले असले, चाक आसावर न कुरकुरता फिरले, की तो रथ 'सुख' झाला. भोक बिघडलेले असले की जे वाट्याला येई, त्याचे नाव 'दुःख'. ह्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, पण ती मानणारे विद्वानही थोडेथोडके नाहीत. आणि खड्ड्यांच्या वाटेने बैलगाडीतून ज्याने प्रवास केला आहे, त्याला ती सहज पटावी अशी आहे.

हे सारे आम्हांस आठवले ते एका अगदी परक्या वस्तूच्या निमित्ताने. अमेरिकेत 'मोटारहोम' नावाचे वाहन असते. स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, न्हाणीघर, पाण्याची टाकी असा सगळा संसार एका मोठ्या मोटारीत बसवलेला असतो आणि घरमालक स्वतःच घर हाकीत देशभर हिंडतो. पन्नास पन्नास वर्षांची अशी जुनी घरे आजही तेथील रस्त्यांवर धावतात. ती धावत ठेवण्यासाठी त्यांचे मालक जी अनेक कामे स्वतःच्या हातांनी करतात, त्यांतले एक म्हणजे मागच्या चाकांची बेअरिंगे उघडून, धुऊन, तपासून, त्यांत नवे ग्रीस भरून पुन्हा बसवणे. काम क्षुल्लक दिसते. पण वेदकालीन रथकारापासून आजच्या कारखान्यापर्यंत माणसाने आस आणि चाक यांच्यामधल्या त्या बोटभर जागेशी जी झटापट केली, तिचा सारा इतिहास ह्या एका कामात येऊन बसला आहे. तो इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ज्यांचा संसार दर तीन-चार वर्षांनी बदलीच्या हुकुमासरशी चाकांवर चढतो, अशा आमच्या वाचकांस तो अगदीच परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

चाकाचा शोध हा मानवाचा महान शोध, असे आपण शाळेत शिकलो. खरे पाहता नुसत्या चाकाने अर्धेच काम होते. चाक जमिनीवर लोळते, घासत नाही. म्हणून ओझे हलके होते. परंतु तेच चाक आसावर मात्र घासतच फिरते. जमिनीवरून हाकलून दिलेले घर्षण तुंब्यात येऊन दडून बसते. त्याला शांत ठेवण्याचा हजारो वर्षे एकच उपाय होता, तो म्हणजे वंगण. आपल्याकडे गाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे आणि लांबचा पल्ला असला की गाडीवान वाटेत थांबून आसाला वंगण देई. चाक करकरू लागले की ते वंगण मागते आहे, हे पोरासोरांनाही कळे. देखभाल ही प्रवासापासून वेगळी गोष्टच नव्हती. ती प्रवासाचाच भाग होती.

तुंब्यातले घर्षण हटवायचे तर तेथेही काहीतरी लोळते घातले पाहिजे, ही कल्पना तशी जुनी आहे. रोमजवळ नेमी नावाचे सरोवर आहे. त्याच्या तळाशी बादशहा कॅलिग्युला याच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, दोन प्रचंड जहाजे रुतून पडली होती. १९२८ ते १९३२ या काळात सरोवराचे पाणी उपसून ती बाहेर काढण्यात आली. त्यांत फिरत्या चौथऱ्याखाली बसवलेल्या काशाच्या गोळ्या सापडल्या. पुढे १९४४ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ती जहाजे आगीत भस्मसात झाली. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांत गोळ्यांवर फिरणाऱ्या रचनांची चित्रे काढून ठेवली होती. त्यांपैकी माद्रिदच्या ग्रंथालयातील वह्या तर १९६५ सालापर्यंत नजरेआडच राहिल्या. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी घड्याळे बनवली. त्यांपैकी तिसऱ्या घड्याळावर त्याने सुमारे एकोणीस वर्षे खर्च केली. ह्या घड्याळात त्याने लहान रुळ एका चौकटीत अंतराअंतराने बसवले, जेणेकरून ते एकमेकांवर घासू नयेत. आजच्या बहुतेक बेअरिंगांमध्ये जो पिंजरा असतो, त्याचा पूर्वज तो हाच. पुढे १७९४ साली वेल्समधील कारमार्दन येथील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदाराने बग्गीच्या आसात गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले.

तरीही गाड्या वंगणावरच चालत राहिल्या. याचे कारण कल्पनेचा दुष्काळ हे नव्हे. गोळ्या एकसारख्या गोल आणि एकसारख्या मापाच्या नसल्या, तर सगळे ओझे त्यांतल्या मोठ्या दोन-चार गोळ्यांवर पडते आणि त्या फुटतात. कल्पना तयार होती. हात तयार नव्हते. ते तयार झाले सायकलीमुळे. जूल सुरिरे या पॅरिसच्या यंत्रकाराने १८६९ साली सायकलीच्या चाकासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआं ही शर्यत जेम्स मूर याने अशाच सायकलीवरून जिंकली. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिख फिशर याने १८८३ साली पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारे यंत्र बनवले आणि हातांची उणीव यंत्राने भरून काढली. सायकलीच्या दुकानात ज्यांना आपण 'छर्रे' म्हणतो, ते स्वस्त आणि विपुल झाले ते तेव्हापासून. ह्या गावाचे महत्त्व पुढे किती वाढले, याची साक्ष दुसऱ्या महायुद्धाने दिली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये अमेरिकन बाँबफेकी विमाने श्वाइनफुर्टवर चालून गेली. ऑगस्टमधील मोहिमेत, श्वाइनफुर्ट व रेगेन्सबुर्ग मिळून, ६० विमाने पडली. ऑक्टोबरच्या हल्ल्यात पुन्हा ६०. शत्रूच्या रणगाड्यांवर नव्हे, तर छऱ्र्‍यांवर एवढ्या प्राणांची बाजी लावावी असे सेनापतींना वाटले, यातच सर्व आले.

परंतु आमच्या कथेतील मागच्या चाकात छर्रे नाहीत. तेथे निमुळते रुळ आहेत, आणि त्यांची गोष्ट निराळी आहे.

हेन्री टिमकेन हा जर्मनीत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला माणूस सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवीत असे. गाडीवानाची एक अडचण त्याला ठाऊक होती. गाडी सरळ चालते तोवर आसावर ओझे येते ते वरून खाली. पण वळणावर, उतारावर, चाकोरीतून बाहेर पडताना चाक बाजूलाही रेटले जाते. साधा रुळ वरचे ओझे उत्तम पेलतो, पण बाजूचा रेटा त्याला सोसत नाही. टिमकेन आणि त्याचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ साली जे पेटंट घेतले, त्यात रुळांना एका टोकाकडे निमुळता आकार दिला होता. आतली कडी शंकूसारखी, बाहेरची कडी तशाच उताराच्या वाटीसारखी आणि दोहोंमध्ये निमुळते रुळ. ह्या सर्वांचे उतार वाढवीत नेले तर ते आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. म्हणून रुळ कोठेही न घासता शुद्ध लोळतो. आणि पृष्ठभाग कलता असल्यामुळे तो वरचे ओझे आणि बाजूचा रेटा दोन्ही एकदम झेलतो. चाकाच्या तुंब्यात अशी दोन बेअरिंगे, अरुंद तोंडे एकमेकांकडे करून बसवली, की चाक ना आत सरकत ना बाहेर.

एक आख्यायिका अशी सांगतात की, ह्या नव्या बेअरिंगची गाडी दोन लहानशा खेचरांना जुंपून, अवाढव्य ओझे घालून सेंट लुईसच्या रस्त्याने नेली असता, मुक्या जनावरांचा छळ केल्याबद्दल गाडीवानास पकडण्यात आले. तेव्हा बेअरिंगच न्यायालयात नेऊन दाखवावे लागले आणि गाडीवान सुटला. आख्यायिकेचा खरेपणा काहीही असो, तीत एक सत्य आहे. ज्याच्या डोळ्यांना वंगणाच्या आसाची सवय होती, त्याला हे ओझे दोन खेचरांनी ओढणे हा छळच वाटला असता. टिमकेनची कंपनी १८९९ साली निघाली आणि १९०१ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथे गेली. तेथून मोटारींचे डेट्रॉइट आणि पोलादाचे पिट्सबर्ग ही दोन्ही जवळ होती. पुढे १९३० साली कंपनीने सर्व आसांवर रुळांची बेअरिंगे असलेले एक वाफेचे इंजिन बनवून घेतले. शेकडो टन वजनाचे ते इंजिन शिकागो येथे तीन तरुण स्त्रियांनी दोरीने ओढून दाखवले. रेल्वेत काम केलेल्या आमच्या वाचकांस या प्रदर्शनाचे मर्म अधिक कळेल. पितळी बेअरिंगात तेलाने भिजलेले बोळे घालून चालणाऱ्या वाघिणींचे तापलेले आस आणि त्यापायी वाटेत कापून ठेवाव्या लागणाऱ्या वाघिणी, हे एके काळी प्रत्येक गार्डाचे नित्याचे दुःख होते. वर सांगितलेल्या मूळ अर्थानेच दुःख.

गाडीवानाच्या बुद्धीला येथे शास्त्रज्ञाची जोड मिळाली. दोन वक्र वस्तू एकमेकींवर दाबल्या असता त्या किती चेपतात, याचे गणित हाइनरिख हर्ट्झ या तरुण जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १८८२ साली प्रसिद्ध केले. त्याच्या डोळ्यांसमोर होती ती काचेची भिंगे. पण ते गणित बेअरिंगच्या प्रत्येक गोळीला आणि रुळाला लागू पडले. रुळ आणि कडी यांची भेट होते ती केसासारख्या एका रेषेवर. सगळे ओझे त्या रेषेवर. चाकाच्या दर फेऱ्याला पोलादाचा तोच कण चेपतो आणि सुटतो, चेपतो आणि सुटतो. आणि लाखो फेऱ्यांनंतर एके दिवशी थकतो. पोलादही थकते, हे त्या शास्त्राने शिकवले. स्वीडनच्या आर्विड पाल्मग्रेन याने १९२४ साली बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडले. त्यात एक विलक्षण प्रांजळपणा आहे. बेअरिंगचे आयुष्य म्हणून जो आकडा देतात, तो शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे जेथवर टिकतील तेवढाच असतो. उरलेली दहा त्याआधीच जातील, हे कर्ता आधीच सांगून मोकळा होतो. निमुळत्या रुळांसाठी पुढे जे सूत्र रूढ झाले, त्याप्रमाणे ओझे दुप्पट केले तर आयुष्य सुमारे एक दशांश उरते. ओझे केवळ एक दशांशाने वाढवले तरी आयुष्य चतुर्थांशाहून अधिक घटते. घर चाकांवर चढवणाऱ्याने हे सूत्र उशाशी ठेवावे. कारण संसार हा नेहमी ठरल्यापेक्षा एक दशांश अधिकच भरतो.

घर चाकांवर चढवण्याचा नाद अमेरिकेला जुना आहे. १९१५ साली रोलंड कॉंकलिन याने एका अजस्र मोटारगाडीत सारा संसार बसवून कुटुंबासह न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडहून सॅन फ्रान्सिस्कोकडे प्रवास केला, तेव्हा वर्तमानपत्रांना कित्येक दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. पण सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात ही हौस आली ती १९६० नंतर. त्या काळची बहुतेक मोटारहोमे मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली असत. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. त्यामुळे मागचा अवजड आस घराच्या जमिनीखालून जाई आणि घर उंचावर बसे. अशा गाड्यांत मागचे चाक निमुळत्या रुळांच्या दोन बेअरिंगांवर, आसाच्या पोकळ नळीवर फिरते. इंजिनाचा जोर देणारा दांडा तिच्या आतून येतो. दांड्यावर घराचे ओझे मुळीच नसते. तो उपसून बाजूला ठेवला तरी घर चाकांवर उभेच राहते. ओझे कोणी वाहायचे आणि हुकूम कोणी चालवायचा, याची इतकी स्पष्ट वाटणी आम्ही फार थोड्या कचेऱ्यांत पाहिली आहे.

१९७३ सालच्या मोसमात जनरल मोटर्सच्या जीएमसी शाखेने मिशिगन राज्यातील पाँटिअॅक येथे एक नव्याच धर्तीचे मोटारहोम बाजारात आणले. त्याला इंजिनही पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना, अशी रचना होती. ओल्डस्मोबिल टोरोनॅडो या १९६६ पासूनच्या मोटारीचा सारा पुढचा भाग त्याने उचलला होता. त्यामुळे मागे आडवा आस राहिलाच नाही. मागे दोन्ही अंगांना एकामागे एक अशी दोन दोन चाके, प्रत्येक चाक स्वतःच्या दांडीवर आणि दोन दांड्यांच्या मध्ये हवेची पिशवी. घराची जमीन खाली आली, पाय उंच न उचलता आत शिरता येऊ लागले. लांबी २३ फूट किंवा २६ फूट. वजन पाच टनांच्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि साडेसात लिटरच्या इंजिनाचे हे घर पंपासमोरच्या रांगेत उभे राहिले. १९७८ साली कंपनीने ते बनवणे थांबवले. तोवर सुमारे १३ हजार घरे बाहेर पडली होती.

ह्या घराची मागची चार चाके म्हणजे निव्वळ भारवाहक. त्यांना इंजिनाचा जोर नाही, त्यांना दिशा नाही; पुढची चाके नेतील तिकडे जायचे, एवढेच त्यांचे काम. पण ते वाटते तितके सोपे नाही. घर वळू लागले की एकामागची दोन चाके एकाच वर्तुळात नीट बसू शकत नाहीत. ती थोडी घसटत, बाजूला रेटली जात वळतात. हा बाजूचा रेटा थेट बेअरिंगवर येतो, आणि टिमकेनचा निमुळता रुळ तेथे आपली किंमत दाखवतो. दुसरी अडचण अशी की, पुढच्या चाकात काही बिघडले तर ते सुकाणूतून चालकाच्या हाताला कळते. मागच्या चाकाची कुरकुर पुढे बसलेल्या माणसाला ऐकूही येत नाही. आणि तिसरी सर्वांत घातक गोष्ट म्हणजे विश्रांती. असे घर वर्षातून काही आठवडे धावते आणि कित्येक महिने अंगणात उभे असते. उभ्या चाकात ओल शिरते, रुळ एकाच जागी कडीवर टेकून बसतात आणि तेथे गंजाच्या बारीक रेघा उठतात. फार धावल्याने जेवढी बेअरिंगे जातात, त्यांच्या जोडीला नुसती उभी राहून गेलेलीही असतात.

म्हणून ठरावीक काळाने ती उघडावी लागतात. घर जॅकवर घेतात आणि भक्कम घोड्यांवर टेकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर पाच टनांच्या घराखाली कोणी हात घालू नये. चाक उतरवले की तुंब्याच्या तोंडावर एक लहानशी पत्र्याची टोपी दिसते. ती काढली की आत खाचांचा नट आणि त्याच्या आरपार घातलेली दुमडलेली खीळ, म्हणजे कॉटर पिन. ती सरळ करून उपटली, नट फिरवला, खालची चकती काढली, की बाहेरचे बेअरिंग हातात येते. मग ब्रेकच्या ड्रमसह सारा हब बाहेर ओढला की मागच्या तोंडाला ग्रीस अडवणारे सील आणि त्याच्या आड आतले, मोठे बेअरिंग. जुने ग्रीस रॉकेलसारख्या द्रवात धुऊन काढतात. येथे एक मोह आवरावा लागतो. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवण्यात मौज वाटते. पण कोरडे रुळ वेगाने फिरले तर कडी ओरखडते, आणि एखादा रुळ उडून डोळा जाण्याचेही भय असते.

धुतल्यानंतर खरे काम सुरू होते, ते म्हणजे वाचण्याचे. बेअरिंगची पोलादी कडी ही त्या चाकाची रोजनिशी असते. ती आरशासारखी तुळतुळीत असली तर सर्व कुशल. पिवळट किंवा निळसर छटा आली असेल तर ते कधीतरी भयंकर तापले आहे. रुळांच्या अंतराइतक्या अंतरावर रेघा उठल्या असतील तर ते दीर्घकाळ ओलीत उभे राहिले आहे किंवा त्याला जबर दणका बसला आहे. पृष्ठभागाचे टवके उडाले असतील, तर पोलाद थकले. मग आतली कडी आणि बाहेरची वाटी दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. नव्या रुळांना जुनी वाटी देणे म्हणजे दोघांचाही घात.

त्यानंतर ग्रीस. यालाही इतिहास आहे. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण. साबण तेलाला धरून ठेवतो. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेने वितळे. सोड्याच्या साबणाचे उष्णता सोशी, पण पाण्याने धुऊन जाई. दोन्ही संकटांना पुरून उरणारे लिथियमच्या साबणाचे ग्रीस क्लॅरेन्स अर्ल याने १९४२ साली पेटंट केले आणि मोटारीच्या चाकाची मोठी चिंता मिटवली. मात्र निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकत्र केली तर कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. म्हणून जुने सगळे धुऊन मगच नवे भरायचे. भरण्याची पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि उजव्या हाताने बेअरिंगचे रुंद तोंड त्यावर दाबत राहायचे, जोवर रुळांच्या फटींतून ग्रीस वरच्या अंगाला डोकावत नाही तोवर. मग थोडे फिरवायचे आणि पुन्हा तेच. त्यासाठी साधने मिळतात. पण कित्येक जाणते अजून तळहातावरच विसंबतात, कारण आत किती गेले ते हाताला कळते.

सर्वांत नाजूक भाग शेवटी येतो. नवे सील, आतले बेअरिंग, हब, बाहेरचे बेअरिंग, चकती, नट असे सगळे उलट्या क्रमाने चढवले की नट किती आवळायचा? अननुभवी माणूस घट्ट आवळतो. घट्ट म्हणजे सुरक्षित, अशी त्याची श्रद्धा असते. पण येथे घट्टपणा हाच नाश आहे. हब फिरवीत फिरवीत नट आवळून रुळ आपापल्या जागी बसवतात. मग तो पुन्हा सैल करतात आणि केवळ बोटांनी फिरेल इतकाच लावतात. चाकाला इंचाच्या काही हजारांश भागाइतकी मोकळीक उरली पाहिजे. ती उरली नाही तर तापलेले पोलाद फुगते, रुळ अडकतात, ग्रीस जळते आणि महामार्गावर चाक जाम होते किंवा गळून पडते. अति सैल सोडले तर रुळ खडखडून फुटतात. माणसे आणि कामे दीर्घकाळ सांभाळलेल्या वाचकांस ह्या मोकळिकीविषयी आम्ही अधिक काय सांगावे! शेवटी नवी खीळ घालून तिची टोके दुमडतात. जुनी खीळ पुन्हा वापरीत नाहीत; दोन पैशांच्या वस्तूवर घर टांगलेले असते. थोडे अंतर चालवून आल्यावर तुंब्याजवळ हात नेऊन पाहतात. कोमट असेल तर ठीक. हात नेववत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

ज्या कारखान्याने हे घर बनवले, त्याने ते बनवणे थांबवून पंचेचाळीसांहून अधिक वर्षे झाली. मग नवे बेअरिंग येते कोठून? येथे विसाव्या शतकाची एक मूक पुण्याई कामी येते. बेअरिंगच्या कडीवर आकडे कोरलेले असतात. ह्या आकड्यांच्या मागे भोकाचे, बाहेरचे आणि रुंदीचे माप ठरलेले आहे, आणि ते माप कोण्या एका गाडीचे वा एका कारखान्याचे राहिलेले नाही. गाडी मेली तरी आकडा जिवंत राहतो. आपल्या देशातही बेअरिंगांचा उद्योग जयपूर येथे १९४६ साली स्थापन झालेल्या कारखान्यापासून वाढत गेला. स्वीडिश सहकार्याने १९६१ साली निघालेल्या कंपनीचा कारखाना आमच्या चिंचवडला उभा राहिला. आणि टिमकेनच्याच नावाची निमुळत्या रुळांची बेअरिंगे जमशेदपूरला बनू लागली. आकडा जुळला तर जमशेदपूरच्या पोलादाने मिशिगनच्या घराचे चाक फिरावे, यात आता नवल उरलेले नाही.

मात्र ह्या कथेचा प्रवाह आता दुसरीकडे वळला आहे. आजच्या बहुतेक मोटारींत बेअरिंग, हब, सील आणि ग्रीस हे सर्व कारखान्यातच कायमचे बंद केलेले असते. ते उघडायचे नसते, ग्रीस भरायचे नसते. गेले की सबंध टाकायचे आणि नवे लावायचे. प्रवाशाच्या दृष्टीने हे वरदानच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. वाटेत थांबून आसाला वंगण देणारा गाडीवान, काही हजार मैलांनी हब उघडणारा मालक, आणि चाकाच्या आत काय आहे हे जन्मात न पाहणारा आजचा चालक, असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. प्रत्येक पायरीला चाक अधिक सुखाने फिरू लागले आणि माणसाच्या हातापासून अधिक दूर गेले. जुन्या मोटारहोमचा मालक मधल्या पायरीवर उभा आहे. त्याला यंत्राची सोय मिळाली आहे, पण चाकाची विचारपूस करण्यापासून सुटका मिळालेली नाही. अमेरिकेतली ती तेरा हजारांतली जी घरे आज चालताना दिसतात, ती त्यांच्या कर्त्यांच्या कौशल्याने चालतात असे म्हणणे अपुरे आहे. कर्त्यांनी तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की, शंभरांतील दहा आधीच जातील. पन्नास वर्षे ती चालली, कारण कोणीतरी दर थोड्या वर्षांनी गुडघे टेकून त्यांची चाके उघडली.

शोध लावणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. राखणाऱ्यांचा फारसा लिहिला जात नाही. टिमकेनचे नाव राहिले, फिशरचे राहिले; ग्रीसने माखलेल्या तळहातांची नावे कोठेही नाहीत. तथापि आमच्या कीर्तनकारांनी एका राखणारीचे नाव मात्र जपले आहे. ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ गळाली, तेव्हा कैकेयीने त्या जागी आपला हात घातला आणि रथ चालता ठेवला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पुढे तिने त्या हाताची किंमत काय मागितली, ते रामायण सर्वश्रुत आहे आणि त्याबद्दल तिला कोणी क्षमाही केलेली नाही. परंतु चाक गळून पडत असताना आधी हात घालणारी कोण होती, हेही कथेने विसरू दिले नाही. जुन्या घराच्या चाकात नवी खीळ घालून तिची टोके दुमडणारा मनुष्य काहीच वर मागत नाही. घर निघते, मागची चाके आवाज न करता फिरतात आणि आत बसलेल्यांना त्यांची आठवणही होत नाही. त्या न होणाऱ्या आठवणीलाच आपल्या पूर्वजांनी सुख म्हटले असावे.